काडीची किंमत विचाराल, तर थक्क व्हाल! रायपूरच्या फांद्या-डहाळ्यांची चटपटीत सफर

पुण्यातल्या दुकानांवर पाटी असते, 'आमची कुठेही शाखा नाही.' रायपूरच्या घरांवर पाटी लावायचीच झाली, तर ती उलटी लागेल: 'आमच्याकडे शाखाच शाखा!' दारावर कडुलिंबाची, मांडवात उंबराची, तुळशीपाशी चिंच-आवळ्याची आणि बाल्कनीतल्या कुंडीत चाफ्याची.

सध्या मोबाइलवर बघावं तिकडे फांद्यांचं होम डेकोर. पडद्याला फांदीचा रॉड, कोपऱ्यात उंच सुकी फांदी, तिच्यावर लुकलुकते एलईडी. दिसतं एकदम झक्कास! पण 'हा ट्रेंड नवा आहे' असं कुणी म्हणालं, की त्याला थेट रायपूरचं तिकीट काढून द्या. छत्तीसगडच्या जवळपास ४४ टक्के भूमीची नोंद वनभूमी म्हणून आहे. राजवृक्ष आहे साल, म्हणजे इथला लाडका सरई. अशा राज्याच्या राजधानीत फांदी पाहुणी नाही, घरचीच आहे.

चला तर मग. एक एक काडी उचलू आणि एक एक धक्का देऊ!

दारावरची पहिली डहाळी

माहीत आहे का? पावसाळ्यात एक दिवस असा येतो, की छत्तीसगडच्या दारोदारी कडुलिंबाच्या डहाळ्या दिसतात. तो दिवस हरेली! गाई राखणारे राऊत घरोघरी जाऊन डहाळी खोचतात, लोहार चौकटीवर खिळा ठोकतो आणि शेतकरी नांगर-कुदळ धुऊन त्यांची पूजा करतो. रोगराई बाहेर, डहाळी दारावर. डेकोरही झालं आणि सिक्युरिटीही!

एक दिवस, दोन महिने

हरेली असते सावन महिन्याच्या अमावास्येला. त्याच दिवशी मराठी घरात आषाढ अमावास्या असते आणि दिव्यांची पूजा चालते. मग चुकलं कोण? कुणीच नाही. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून तात्यापारा आणि चौबे कॉलनीतल्या मराठी घरांना बोनस मिळतो: आत दीपपूजन, बाहेर कडुलिंब. एका तिकिटात दोन सण!

बांबूवर स्वार

हरेलीचा सुपरस्टार कोण? गेडी! दोन लांब बांबू, त्यांना पाय ठेवायला आडवे तुकडे, वर दोरीचा घट्ट बांध. पोरं त्यावर चढून चिखल ओलांडतात, शर्यती लावतात, नाचतातसुद्धा. चालताना बांध करकरला पाहिजे, ही त्यातली खरी शान. न करकरणारी गेडी म्हणजे सायलेंट मोडवरचा ढोल!

मारबत इकडे, नारबोद तिकडे

पोळ्याला विदर्भात दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करतात. त्यांना म्हणतात मेढे. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि घरोघरचे मेढे ईडा-पीडेसकट बाहेर जातात. माहीत आहे का, त्याच दिवशी छत्तीसगडात काय असतं? नारबोद! त्या दिवशी गेडीला निरोप दिला जातो. नागपूर आणि रायपूर यांच्यात अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात, पण फांदीला 'टाटा' करायचा दिवस एकच.

चमचासुद्धा झाडाचा

कमरछठचं व्रत करणाऱ्या आयांचा नियम ऐका: नांगराने पिकवलेलं काहीही खायचं नाही. मग जेवायचं काय? आपोआप उगवणारा पसहर तांदूळ. ढवळायचा कशाने? मोहाच्या काडीने. वाढायचा कशावर? मोहाच्या पानांच्या पत्रावळीवर. त्याआधी अंगणात सगरी, म्हणजे छोटंसं तळं खणतात आणि त्याच्या काठावर पळस, बोर आणि काशाच्या डहाळ्या रोवतात. एका दिवसापुरतं मिनी जंगल, तेही दाराशी!

काट्यांचा झोपाळा

आता जरा दम धरा. जगदलपूरचा बस्तर दसरा ७५ दिवस चालतो. पंच्याहत्तर! त्याची सुरुवात होते हरेलीच्या दिवशी लाकडाच्या ओंडक्याची पूजा करून. पुढे सिरहासार भवनात सालाच्या उंच फांद्या रोवतात, त्या विधीचं नाव डेरी गडाई. आणि उत्सवाला देवीची परवानगी कुठून मिळते? बेलाच्या काटेरी फांद्यांच्या झोपाळ्यावर एका मुलीला झोपवतात, तिच्या रूपाने काछन देवी होकार देते, तेव्हाच दसरा पुढे सरकतो. फांदी उभी राहिली, फांदीने परवानगी दिली, मग रथ निघाला!

सोनं लुटणारे भोसले

माहीत आहे का? छत्तीसगडमध्ये दसऱ्याला एकमेकांना सोनपत्ती देतात. आपल्याकडे आपट्याचं सोनं देतात ना, तेच! इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत या प्रथेचं श्रेय दिलं जातं बिंबाजी भोसल्यांना. नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे हे पुत्र १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. किल्ले गेले, कर गेले, दरबार गेले. पानं मात्र अजून हातोहात फिरतात.

लग्नात फांदी नसेल, तर मांडव कसला?

छत्तीसगडी लग्नाचा मांडव म्हणजे मडवा. बांबू उभे करायचे आणि वर डूमराच्या, जांभळीच्या डहाळ्या पसरायच्या. डूमर म्हणजे आपला उंबर. जांभळीला इथे म्हणतात चिरई जाम. मांडवात मंगरोहनही हवा: लाकडाच्या तुकड्यातून घडवलेली, नवरा-नवरीच्या सोबत बसणारी मूर्ती.

आता मराठी बाजू. मराठा घराण्यांत प्रत्येकाचं देवक ठरलेलं असतं. कुणाचं कदंब, कुणाचं उंबर, कुणाचं पिंपळ, कुणाची शमी. कुठे एकच, कुठे पाच झाडांची पालवी एकत्र. लग्नाच्या आदल्या दिवशी ती डहाळी वाजतगाजत आणून मांडवाच्या खांबाला बांधायची. म्हणजे इथे डहाळी हे नुसतं डेकोरेशन नाही, थेट आयडी प्रूफ आहे!

छताला टांगलेलं जंगल

गोव्यात गणपती आले, की मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. तिच्यावर आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं, वेली आणि फुलं बांधतात. ही माटोळी. सिंधुदुर्गात हीच थाटात माटवी होते. गोव्याचं कला व संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा भरवतं आणि हौशी मंडळी रान पालथं घालून शेकडो प्रकारच्या वस्तू लटकवतात. नावनिशीवार! कुठल्याही डिझायनर झुंबराने इथे गुपचूप हात जोडावेत.

धांड्यांचा महाल

विदर्भातून रायपूरला आलेल्या आजींना विचारा, भुलाबाईचं मखर कशाचं करायचे? त्या चटकन सांगतील: ज्वारीच्या धांड्यांचं! कोजागिरीला उंच धांडे एकत्र बांधायचे, आत भुलाबाई-भुलोजी बसवायचे, पुढे गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची धमाल. खर्च शून्य, थाट राजवाड्याचा.

द ग्रेट सोनाबाई

इथे मात्र थांबा. ही गोष्ट स्क्रोल करून पुढे जायची नाही.

सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुत्रा गावात सोनाबाई रजवार राहायच्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांना घराबाहेर पडू दिलं गेलं नाही. आसपास माणसं नाहीत, मैत्रिणी नाहीत. घरात होतं ते फक्त अंगण, ऊन, चिखल आणि बांबू. मग त्यांनी काय केलं? बांबूच्या पातळ कामट्या वाकवल्या, त्यांची गोल गोल वेटोळी केली, एकमेकांत बांधली आणि वरून माती लिंपली. तयार झाली जाळी! कडक ऊन अडलं, वारा खेळू लागला आणि जमिनीवर सावल्यांची नक्षी पडली. त्या जाळीत त्यांनी मातीचे पक्षी, माकडं आणि माणसं बसवली. ज्या घरात सोबत नव्हती, तिथे सोबत घडवली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनची माणसं गावोगाव कला शोधत फिरत होती. ती या घरात शिरली आणि पाहतच राहिली. १९८३ मध्ये सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या मिंगेई संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. तेव्हा त्या हयात नव्हत्या. २००७ मध्येच त्या गेल्या होत्या. पण त्यांची जाळी सरगुजाच्या पुढच्या पिढीच्या हातात आहे.

काडी, माती आणि दोन हात. इंटिरियर डिझाइनची यापेक्षा मोठी शाळा कुठे असेल, तर दाखवा!

डहाळी गाते, ऐकलंत का?

कुसुम, पळस आणि बोर या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक चिमुकला कीटक राहतो. तो अंगाभोवती राळ सोडतो. तीच लाख! लाखेच्या उत्पादनात देशात झारखंड आणि छत्तीसगड आघाडीवर आहेत. डहाळीवरची लाख खरवडायची, गाळायची, की मिळतं शेलॅक. फर्निचरचं चमचमतं पॉलिश, औषधाच्या गोळीवरची चकाकी, हातातल्या लाखेच्या बांगड्या, सगळी त्याच कीटकाची कृपा.

आणि आता रेकॉर्डब्रेक नव्हे, 'रेकॉर्डमेक' माहिती: ग्रामोफोनच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या शेलॅकपासूनच बनायच्या. १९६० च्या दशकात भारतात चक्क बीटल्सची गाणीसुद्धा ७८ च्या तबकड्यांवर निघाली! बाकीचं बहुतेक जग तेव्हा व्हायनिलवर पोहोचलं होतं. लाखमोलाची डहाळी म्हणतात ती हीच.

झुंबर, तेही रेशमी

चांपाचं कोसा सिल्क तुम्ही नेसला असाल. पण कोसा झाडावर कसा दिसतो, माहीत आहे का? साजाच्या (म्हणजे ऐनाच्या) आणि अर्जुनाच्या फांद्यांवर अळी आपला कोष विणते आणि तो पडू नये म्हणून रेशमाचाच देठ काढून फांदीला कडी अडकवते. रेडीमेड हूकसकट लोंबणारा दागिना! रिकामे कोष एका सुंदर सुक्या फांदीला टांगा. गणपतीपुढचं झुंबर रेडी.

हलवा आणि वाजवा

बस्तरचे कारागीर बांबूची एक अजब बासरी करतात: सुलूर. ती ओठांना लावायचीच नाही! हातात धरून हवेत फिरवायची, की सूं सूं सुरू. वर तापलेल्या सळईने कोरलेली काळी नक्षी. जंगलवाटेवर ती सोबतीला असायची, आता दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभते. पाहुण्यांच्या हाती द्या आणि चेहरे बघा.

आख्खी भिंतच काड्यांची

सह्याद्रीतली कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि डोंगर जांभळे करून टाकते. पण तिची खरी कमाल फुलण्यानंतर. तिच्या सरळ, चिवट काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची, की झाली कुडाची भिंत! त्याच भिंतीवर वारली चित्रं अवतरतात आणि ती काढणारा पारंपरिक ब्रश कसला? टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. कॅनव्हास काड्यांचा, ब्रशही काडीचा. फुल पॅकेज!

जगातला पहिला इंटिरियर डिझायनर

त्याला दोन पंख आहेत. न्यू गिनीतला बॉवरबर्ड काटक्यांची छोटी झोपडी बांधतो, समोर अंगण साफ करतो आणि तिथे फुलं, फळं, भुंग्यांचे चमकदार पंख रंगांप्रमाणे वेगवेगळे मांडतो. हे सगळं कशासाठी? फक्त मादीवर इम्प्रेशन मारायला! एकोणिसाव्या शतकात युरोपियन निसर्गअभ्यासकांनी या झोपड्या पाहिल्या, तेव्हा त्यांना त्या माणसांच्याच वाटल्या होत्या.

सुगरण नव्हे, 'सुगरणराव'

छत्तीसगडच्या भातखाचरांकाठी बाभळीच्या फांद्यांवर लोंबणारी घरटी आठवा. सुगरणीची ना? पण विणतो कोण? नर! अर्धं घरटं झालं, की मादी साइट व्हिजिटला येते. पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर नव्या प्लॉटवर पुन्हा श्रीगणेशा.

दोन टनांचा फ्लॅट

सर्वांत मोठं घरटं कुणाचं? अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९६३ मध्ये बॉल्ड ईगलच्या एका घरट्याचं मोजमाप घेतलं. रुंदी २.९ मीटर, खोली ६ मीटर आणि वजन दोन टनांहून जास्त! काडी काडी जमवून संसार उभा राहतो म्हणतात, तो असा.

वर्ल्ड टूर, सुपरफास्ट

जपान: फांद्यांच्या रचनेची इकेबाना कला लिखित नोंदीत १४६२ पासून दिसते. तिथे फूल साइड हिरो, फांदी मुख्य नायिका! सोगेत्सु शाळेचं सोपं गणित घ्या: भांड्याची उंची आणि रुंदी यांची बेरीज करा, मुख्य फांदी त्याच्या दीड ते दोन पट लांब ठेवा. दुसरी फांदी पहिलीच्या पाऊण. बस, घरात लगेच तोल आला.

जर्मनी: ४ डिसेंबरला संत बार्बराच्या दिवशी चेरीची उघडीबोडकी फांदी पाण्यात ठेवतात. नाताळपर्यंत फुलली, तर वर्ष भाग्याचं. आधी थोडी थंडी खाल्लेली असली, की फांदीला वसंताची वाट बघायची गरज नाही, दिवाणखान्यातली ऊब पुरते.

पुन्हा जर्मनी: झालफेल्ड गावात एका कुटुंबाने आपल्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला ईस्टरची रंगीत अंडी टांगायला १९६५ मध्ये सुरुवात केली. तेव्हा अंडी होती १८. वाढता वाढता झाली १०,०००! रोस्टॉकच्या प्राणिसंग्रहालयाने तर २००७ मध्ये एका ओकवर ७५ हजारांहून जास्त अंडी लटकवून गिनीज बुक गाठलं.

पोलंड: लिप्नित्सा मुरोवाना गावात ईस्टरच्या आधी विलोच्या काटक्यांचे उंचच उंच 'पाम' विणतात. विजेते ३० मीटरच्या वर जातात. दहा मजली इमारतीएवढा पुष्पगुच्छ!

हाँगकाँग: लाम त्सुएनच्या नवसाच्या झाडावर लोक संत्र्याला बांधलेले कागद भिरकावायचे. २००५ मध्ये ओझ्याने फांदीच मोडली. धडा सोपा आहे: सजवा, पण लादू नका.

अमेरिका: शिल्पकार पॅट्रिक डॉहर्टी नुसत्या काटक्या आणि रोपं विणून घरांएवढी शिल्पं उभारतात. १९८२ पासून अडीचशेहून जास्त! काही वर्षांत ती कुजून मातीत जातात, आणि त्यांना तेच हवं असतं.

फांदीचं सायन्स, नो टेन्शन

माहीत आहे का? लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलं होतं, की एखाद्या उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या, तर जाडी खोडाएवढी भरते. झाडाचा हिशेब पक्का!

झाडं रात्री पेंगतात! फिनलंड आणि ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांनी बर्च झाडांवर रात्रभर लेझर फिरवला. पहाटेपर्यंत फांद्या १० सेंटीमीटरपर्यंत खाली झुकल्या होत्या. सकाळी पुन्हा ताठ. हा शोध २०१६ मध्ये जाहीर झाला.

तुमच्या दाराच्या फळीवर गोल डोळा दिसतो का? ती गाठ म्हणजे झाडाच्या फांदीचं मूळ. फांदी गेली, पत्ता राहिला.

ताज्या फांदीत लाकूड जास्त की पाणी? काही झाडांत पाण्याचं वजन कोरड्या लाकडाहूनही जास्त भरतं. म्हणून ताजी फांदी भिंतीला टांगलीत, तर ती वाळेल, आक्रसेल आणि खिळ्यातून निसटेल.

फांदीवर करड्या-हिरव्या खपल्या आहेत? खरवडू नका, ते दगडफूल आहे. बुरशी आणि शैवाल यांचं हे जॉइंट अकाउंट स्वच्छ हवेत खास रमतं. थोडक्यात, फांदीने आणलेलं प्रदूषण-सर्टिफिकेट!

रायपूर स्पेशल: नवतपा ओव्हन

मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि सुरू होतो नवतपा. नऊ दिवस आग! पारा ४४-४५ अंशांशी मस्ती करतो. माणसं कूलरपुढे बसतात, आणि फांद्या? त्यांना गच्चीवर पाठवा! जमिनीपासून वर, विटांवर ठेवा, रोज उलटा. काडीएवढ्या डहाळ्या या फुकटच्या भट्टीत मस्त वाळतात. मनगटाएवढी फांदी असेल, तर मात्र घाई नको, सावलीत महिनोन्‌महिने ठेवा.

फांदीखाली टाल्कम पावडरीसारखा भुगा दिसला? आत किडा जेवतोय! कोमट पाण्यात टाकणखार विरघळवून ब्रशने दोन हात द्या आणि पुन्हा वाळवा. छोट्या काटक्यांसाठी भन्नाट आयडिया: पिशवीत गच्च बांधून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर! जगातली संग्रहालयं किडींपासून लाकडी वस्तू वाचवायला हीच युक्ती वापरतात, उणे २० अंशांपाशी.

हात लावा, हात लावू नका

चाफा: लावा! पानं झडलेली चाफ्याची फांदी हे तयार शिल्प आहे. ती आठवडा-दोन आठवडे नुसती कोरडी ठेवून मग कुंडीत खोचली, तरी मुळं धरते. फक्त तिचा चीक त्वचेला लागू देऊ नका.

मुनगा: लावा! आपला शेवगा हो. जाड फांदी जमिनीत रोवली, की नवं झाड. सजावट संपली, सांबार सुरू.

कण्हेर: जपून! रस्त्याच्या दुभाजकावर ती झकास दिसते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरात तिची काटकी नकोच.

बिब्बा: अजिबात नको! हरेलीला छत्तीसगडात भेलव्याच्या फांद्या शेतात रोवतात. भेलवा म्हणजे बिब्बा. शेतात तो राखणदार, पण त्याचं तेल अंगाला लागलं तर फोड उठतात. पूर्वी परीट याच्याच रसाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे.

बांबू: बिनधास्त! मुळात तो झाड नाहीच, गवत आहे. काही जाती दिवसाला ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतात. आणि २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या यादीतून बाहेर पडला. त्यामुळे शेतातला बांबू तोडणं आणि नेणं सोपं झालं.

अभयारण्य: तिथून वाळकी काडीसुद्धा नाही! बारनवापाराला जा, फोटो काढा, फांदी तिथेच राहू द्या. पडलेल्या लाकडात भुंगे, सरडे आणि बुरशी यांची आख्खी कॉलनी राहते.

मग फांदी आणायची कुठून?

सोपं आहे. पावसाळ्याआधी विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटतात, तेव्हा रस्त्याकडेला ढीग लागतात. वादळी पावसानंतर कॉलनीतल्या झाडांखाली सडा पडतो. बागेची छाटणी झाली, की माळीदादाच म्हणतात, घेऊन जा! झाडावरची जिवंत फांदी कापून भिंत सजवण्यात काय मजा? पडलेली उचला. झाड खूश, पाकीट खूश, घर खूश.

आणि बनवायचं काय? जाडसर सरळ फांदी: पडद्याचा रॉड. दोन फाटे फुटलेली: किल्ल्या आणि पिशव्यांचा हूक. बारीक फांद्यांचा जुडगा: फोटो लटकवायची वॉल हँगिंग. काटकोळा शेंडा: बांगड्या, झुमक्यांचा स्टँड. दिव्यांची माळ घालायची, तर एलईडीच घ्या, सुक्या लाकडाला तापणारे बल्ब नकोत. बुडत्याला काडीचा आधार मिळतो, मग रिकाम्या भिंतीला का नाही?

शहरात राहून आयडिया हव्यात? नवा रायपूरचं पुरखौती मुक्तांगण गाठा. २००६ मध्ये राष्ट्रपती एपीजे अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. राज्यातल्या लोककलेचा खजिना एका अंगणात! आणि बस्तरच्या बांबूच्या वस्तू घ्यायच्या, तर राज्य हस्तशिल्प मंडळाचं शबरी एम्पोरियम आहेच.

रायपूरचं डहाळी कॅलेंडर: कापून फ्रिजवर लावा!

वसंत पंचमी: होळीच्या जागी एरंडाची फांदी रोवतात. होळीला अजून चाळीसेक दिवस, पण बुकिंग झालं!

फाल्गुन: पळस फुलला. इथे त्याला परसा म्हणतात. पानं नाहीत, नुसता भगवा जाळ. खाली पडलेली एक फुलांची डहाळी उंच तांब्याच्या लोट्यात ठेवा. कुठेही जा, पळसाला पानं तीनच! पालवी फुटली, की मोजून बघा, नागपुरात तीन, रायपुरातही तीन.

चैत्र: गुढी. वेळूची काठी, कडुलिंबाची आणि आंब्याची डहाळी. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून इथल्या मराठी मंडळींना सणासुदीला एकत्र आणतं. गुढ्या किती उंच, ही चर्चा तिथे रंगणारच!

मे: नवतपा. गच्ची, फांद्या, ऊन.

आषाढ अमावास्या: हरेली. दारावर कडुलिंब.

पोळा: पळसाचे मेढे.

भाद्रपद: गणपतीला २१ पत्री, वर फांदीची माटोळी. गोव्यातल्यासारखी शेकडो वस्तूंची नको, पाच फळांचीही चालेल.

दसरा: सोनं. बिंबाजींचे आभार!

कार्तिक: तुळशीचं लग्न. उसाचा मांडव, चिंच आणि आवळ्याची डहाळी. त्याच सुमारास छत्तीसगडात जेठौनीचा सण, तिथेही उसाचाच मांडव. म्हणजे वऱ्हाडी दोन्हीकडचे!

डिसेंबर: हवा कोरडी, फांद्या कोरड्या, सुट्ट्या भरपूर. मुलांना रंग द्या आणि बाजूला व्हा.

बघा, बारा महिन्यांत एकही महिना असा नाही, की एक डहाळी घरात येऊ शकत नाही. त्यासाठी मॉल नको, कुरिअर नको, ईएमआय तर नकोच. फक्त खाली बघून चालायची सवय हवी. पुढचं वादळ सरलं, की लोक पाला झाडायला निघतील. तुम्ही पिशवी घेऊन निघा!